महिनाभर आधीची येळवस

दुबलगुंडी, मार्गशीर्ष शुद्ध तीज

निर्ण्याच्या गीताक्कास धाकट्या हरिबाचा दंडवत.

अक्का, घरचे माझ्यापासून काहीतरी लपवायलेत. परवा हकीमसाहेबांनी माझी नाडी बघितली आन उद्धवला अंगणात नेलं. पोरगा डोळे पुसत आत आला, म्हणला, "धूर गेला, अप्पा." चूल तर इझलेली होती. हकीम मला म्हणले, "जो जी चाहे, खाओ." दसऱ्याच्या आधीपासून ताकाचा थेंब दिला न्हाई, आन आताच पथ्य कामून सुटलं?

आज तर कहर झाला. राजूबाईनं येळवशीची शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आन आंबील खाटेपाशी आणली. येळवशीला, शेतातल्या पूजेच्या अमावस्येला, अजून महिना हाय! तुरीच्या शेंगा नुसत्या चपट्या, दाण्याचा पत्ता न्हाई, तरी हिनं उभ्या पिकातल्या तोडल्या. मी इचारलं, "आजच कामून?" म्हणली, "तुम्हाला आवडतं म्हणून." लग्न झाल्यापासून असं कधी बोलली न्हाई ही बाई.

मी दोनदा वाढून घेतलं. मग म्हणलं, "खऱ्या येळवशीला शेतात जेवू, कडब्याच्या कोपीत." उद्धव उठून परत अंगणात गेला.

आता एकच खूण राहिली. सुगीत तू घर सोडत न्हाईस. मी न बोलावता आलीस, तर काय ते कळंल. म्हणून लिहायलोय, येऊ नको.

थांब. वेशीकडून घुंगरमाळ वाजायलीय. तुझ्याच बैलांची हाय.

हे पत्र आता टपालात टाकत न्हाई. आंबील उरलीय थोडी, दोघं मिळून पिऊ. डोळे पुसून आत ये, अक्का. धूर गेला म्हणलीस, तर मी व्हय म्हणीन.

तुझा
हरिबा