रहिमानची तार

सोमवार, १० फेब्रुवारी

पाणीसुद्धा विचारलं न्हाई. औंधवरनं एस्टीत हाडं खिळखिळी करून कवठे महांकाळला आले, तर दीर अश्फाक दारातच म्हणाला, भाभी, सही उद्या करू. जसं काय सहीसाठी मीच तडफडत होते! माझे मालक रहिमान गेले तवा यानं तलाठ्याला सांगितलं, वारस कुणी न्हाई. मी चालती-बोलती असताना. आता रान विकायला काढलं, तर घेणाऱ्याच्या वकिलाला जुन्या फेरफारात आमचं नाव दिसलं. मग भाभीची आठवण झाली.

मी मात्र खुशीत हाय. खोली हवेशीर, मटण झ्याक. वही अश्फाकच्या नातीनं, झोयानं दिली. म्हणाली, दादी, तोंडावर बोलायचं ते यात लिहा, घरात शांतता राहील. गोड पोरगी.

मंगळवार

काटेरी तारेचा कारखाना बघितला. तार पिळायचं यंत्र अजून तेच, उसाच्या चरकाचे दात लावून मालकांनी बनवलेलं. ओढली की आणखी आवळणारी काट्याची गाठ ही त्यांची अक्कल. बोर्डावर नाव अश्फाकचं.

याच यंत्रात भर दुपारी त्यांची बाही अडकली. अश्फाक ओट्यावर बसलेला. यंत्र बंद करायच्या बटणापर्यंत हात पोचला न्हाई, असं मयतीत गळा काढून सांगत होता. आज मी त्या ओट्यावर बसले. भिंतीतलं बटण माझ्या कोपराला लागतंय. भिंत काय सरकत न्हाई.

तशीच रानात गेले. घराभोवतीच्या रानाला मालकांनी पिळलेलीच तार हाय. ती धरून मी मालकांना म्हणाले, आवं, हात का पोचला न्हाई, विचारा याला.

बुधवार

भर दुपारी कुंपण आत सरकलं. खांबासकट. निम्मी द्राक्षबाग बाहेर पडली. अश्फाक शेजारच्या मधुकररावांवर धावून गेला. ते म्हणाले, गड्या, बांध कोरला असंल मी, पण एवढे खांब हलवायला मी काय जेसीबी पाळलाय?

मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शुक्रवार

आज अश्फाकनंच कुंपण मागं ओढायला जेसीबी आणला. तार ओढली तशी आवळली, जेसीबीच आडवा झाला. ड्रायव्हर पळाला.

काट्याला पांढरी बाही लटकलेली. शिवण माझ्या हातची.

अश्फाक माझ्याकडं आला, अर्धं रान देतो म्हणाला. म्हटलं, रान ठेव, बटणाचं सांग. खाली बघत निघून गेला. लय बरं वाटलं.

रविवार

तार अंगणात. काटे आत वळलेत. बाहेर जायला वाट न्हाई.

झोयाची ओढणी धरली तारेनं. कशीबशी सोडवली. आवं, पोरीला सोडा म्हटलं — ऐकत न्हाईत. मी विचारा म्हटलं तेच करतायत, जबाब मिळंपर्यंत.

सोमवार, दुपार

तार सोप्यात आली. यंत्र घरघरतंय — इथं, घरात —

अश्फाकनं मला खोलीत कोंडलंय. दाराच्या फटीतनं दिसतंय, झोयाला पुढं करतोय. म्हणतो, तू माफी माग, लेकराला ते काय करत न्हाईत. भ्याड कुठला.

ओरडून घसा बसला. हे पान फाडून दाराखालनं सरकवते. झोया, हे मोठ्यानं वाच —

बाही धरली तिची —

अश्फाक, पोरीला मागं घे. तिनं बोलायचं न्हाई, मीबी न्हाई. विचारलंय तुला. तूच पुढं हो, तूच सांग, हात का —