बकुळाच्या बाजूचा पत्रा

मिऱ्या, रत्नागिरी
(तारीख तुमच्याकडच्या कॅलेंडरवर बघून घ्यावी. आमच्याकडचं पान उलटायचं काम तुमच्या बहिणीकडे होतं. ते अजून गेल्या सप्टेंबरातच आहे.)

तीर्थस्वरूप रावजीदादा यांना गंगारामचा नमस्कार. वाकून करतोय असं लिहिणार होतो, पण ट्रकखाली झोपून झोपून कंबर अशी धरली आहे की एकदा वाकलो तर हे पत्र टाकायला पोस्टात तसंच जावं लागेल. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर खाली आली का? दुकानातल्या खालच्या फळीवरचा माल यंदा तरी पावसाआधी वर घ्या. वाशिष्ठी नदीला तुमचं दुकान आता ओळखीचं झालेलं आहे, ती विचारून येत नाही. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. (सगळे म्हणजे मी. पण पत्रात आम्ही लिहायची सवय आहे, ती मोडवत नाही.)

खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, शेजारी वहिनी असतात, वहिनींच्या हातात त्यांचा फोन असतो, आणि मिऱ्यावर मी शिंकलो की डोंबिवलीत आमच्या सूनबाई सलोनीला बाबांना सर्दी झाल्याचं कळतं. पत्राला अजून स्पीकर आलेला नाही, म्हणून हा खटाटोप.

विषय आपल्या ट्रकचा आहे. तुम्हाला तो माहीत आहे, तरी सुरुवातीपासून सांगतो. (मधूनच सांगितलं तर मला पुढचं आठवत नाही. तुमची बहीण म्हणते, सुरुवातीपासून सांगितलं तरी आठवत नाही.) मिरकरवाड्याच्या बंदरावरून कोल्हापूरला मासळी नेण्यात त्या ट्रकचं आयुष्य गेलं. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून ठिबकत आंबा घाट चढायचं आणि ठिबकतच उतरायचं. त्यामुळे बाहेरून ट्रक आणि आतून मिठागर अशी त्याची अवस्था आहे. मी धंदा बंद केला, पण गंजाला कुणी निवृत्त केलं नाही. तो रोज वेळेवर कामाला येत राहिला.

गणपती झाल्यावर आम्ही दोघं कोल्हापूरला बारशाला गेलो होतो, हे तुमच्या कानावर आहेच. येताना पालीच्या बाजारात मी चहाला थांबलो नाही, या मुद्द्यावर तुमच्या बहिणीने, बकुळाने, पाय आपटला. तिच्या मुद्द्याला नेहमीच वजन असतं. या वेळी ते केबिनच्या पत्र्याला झेपलं नाही. पाय घोट्यापर्यंत खाली गेला. पाय परत आला, चप्पल पालीला राहिली. मागे बस हॉर्न देत होती, उतार होता, मी थांबलो नाही. (चहाला थांबलो नव्हतो, मग चपलेला कसा थांबणार, असा माझा सरळ विचार होता. तो बोलून दाखवायला नको होता.) मिऱ्या येईपर्यंत ती सीटवर मांडी घालून बसली होती. घरी उतरल्यावर एवढंच म्हणाली, "हा पत्रा नीट होईपर्यंत मी या गाडीत पाय ठेवायची नाही." त्याच आठवड्यात डोंबिवलीहून आमच्या चिरंजीवांचा, रूपेशचा, फोन आला की गणपतीची सुट्टी संपून नातीची, ईशाची, शाळा सुरू झाली आहे, आई चार दिवस आली तर बरं होईल. ती स्टेशनला रिक्षाने गेली. मी मागून रिकामा ट्रक घेऊन गेलो होतो, सामान बरंच असेल म्हणून. सामान एक पिशवी होती.

चार दिवसांचे होता होता माघ संपत आला. मधूनमधून फोन येतो. पत्रा झाला का, म्हणून विचारते. मी म्हणतो, होतोय. दादा, तुमच्यापाशी लपवत नाही, मला एवढंच हवं आहे की शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा ती घरात असावी. त्यासाठी हा सगळा पत्र्याचा उद्योग चालू आहे.

आधी गाडी गॅरेजला दाखवली. गॅरेजवाल्याने चारही बाजूंनी हातोडी वाजवून पाहिली आणि मला बाजूला घेऊन, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात, म्हणाला की काका, गाडी पत्र्यावर उभी नाही, गंजावर उभी आहे, गंज काढला तर खाली बसेल. मग त्याने खर्च सांगितला. त्यात माझ्या पत्र्याबरोबर त्याच्या मुलीचं लग्नही धरलं असावं. मी चहा पिऊन परत आलो आणि सगळं घरीच करायचं ठरवलं.

रूपेशने फोनवर गंज काढायचे व्हिडिओ पाठवले. त्यातला गोरा मनुष्य हातमोजे घालून, आमच्या देवघराहून स्वच्छ जागेत, टिकलीएवढा गंज अर्धा तास घासतो आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हसतो. आमच्या गाडीत टिकलीएवढा पत्रा आहे, बाकी गंज. मी वायर ब्रश घेऊन बसलो. ब्रश मारला की पापुद्रा निघायचा, पापुद्र्याखाली दुसरा पापुद्रा, आणि त्याच्याखाली आमचं अंगण. केबिनमधल्या भोकातून एकदा बघत होतो तर खालून एक कोंबडी माझ्याकडे बघत होती. बराच वेळ आम्ही दोघं तसेच राहिलो. त्या दिवशी दुसरं कुणी बघितलंही नाही माझ्याकडे.

नवीन पत्रा महाग म्हणून गोड्या तेलाचा रिकामा डबा कापून, सपाट करून भोकावर ठोकला आणि कडेने एम-सील भरलं. काम पक्कं झालं, फक्त डब्याची छापील बाजू वर आली. आता तुमच्या बहिणीच्या पायाखाली शुद्ध शेंगदाणा तेल असं लिहिलेलं आहे. शेजारच्या गंगुबाईने (मासे विकायला बसते ती, तुमच्या ओळखीची) बघितलं आणि विचारलं की बकुळाला गाडीत बसवायची आहे की तळायची आहे.

तरी एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गंजावरचा तांबडा रंग, रेड ऑक्साईड, लावण्याआधी मला आमच्या बाबांची होडी आठवली. बाबा दरवर्षी होडीला मुशी माशाच्या काळजाचं तेल फासायचे आणि ती होडी जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून कुजली नाही. मी म्हटलं, पाणी तेच, खार तोच, मग तेल वेगळं कशाला? गंगुबाईकडे तसलं तेल एका डब्यात होतं. ते मी हौद्याला, मडगार्डना आणि दोन्ही दारांना आतून-बाहेरून फासलं. लाकूड तेल पितं आणि पत्रा पीत नाही, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ट्रकवर मांजरं. टपावर, बॉनेटवर, हौद्यात, स्टेअरिंगच्या चाकावरही एक. मिऱ्यावर एवढी मांजरं आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ती सगळी ट्रक चाटत होती. वर तारेवर कावळे ओळीने बसून आपली पाळी यायची वाट बघत होते.

गंगुबाई दुपारी पाटी घेऊन परत आली ती दारातच उभी राहिली. "गंगाराम," ती म्हणाली, "बायको ठेवता आली नाही ती नाही, निदान माझी मांजरं तरी परत कर." तोंडाची फटकळ आहे, मनाने बरी आहे. संध्याकाळी खाडीतली निवटं मासळी पाठवून दिली.

चाटून थोडं कमी झालं असेल अशा हिशेबाने मी वरून रेड ऑक्साईड मारला. तेलावर रंग धरत नाही, सरकतो. आठवडा झाला तरी वाळला नाही. मांजरं मात्र ठरल्या वेळी येत राहिली, त्यामुळे आता ओटीवर, माजघरात, आणि बकुळाने घडी घालून ठेवलेल्या गोधडीवर तांबडी पावलं उमटली आहेत. रॉकेल कुठे मिळत नाही म्हणून टर्पेंटाइनने पुसतोय. मांजरांना हाकलावं म्हणून काठी घेतली होती, पण मग कुकरला थोडे तांदूळ जास्त लावायला लागलो. एका माणसाचा भात नीट शिजत नाही, तळाला लागतो. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

परवा तिचा फोन आला होता. पत्रा झाला का, होतोय, हे झालं. मग ती म्हणाली, "होऊ दे निवांत." दादा, तुम्ही तिचे थोरले भाऊ. तिने जन्मात कुणाला निवांत म्हटलेलं तुम्ही ऐकलं आहे का? मला तर जेवतानाही नाही. मी म्हटलं, शिमगा जवळ आला, पालखीची ओटी भरायला हवी. तर म्हणाली, "गंगुबाईला सांगा, ती भरेल." आणि मागे ईशा काहीतरी मागत होती म्हणून फोन ठेवला. मी बराच वेळ फोन कानाला धरून होतो. मांजर पायात येईपर्यंत ठेवायचं सुचलं नाही.

असो. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की चिपळूणला कुणी खात्रीचा वेल्डर असेल तर कळवावं, आणि तुमच्या जुन्या शेडचा जाड पत्रा शिल्लक असेल तर एखादा तुकडा बाजूला ठेवावा. मी येऊन घेऊन जाईन. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

तुमचा,
गंगाराम

ता. क. : वेल्डर शोधू नका. पत्राही नको. पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा वाटलं की तुमच्याकडून उगाच हेलपाटे नकोत. तेलाचा डबा मी दिवाळीआधीच काढून टाकला. बंदरावर एक मोडीतला ट्रॉलर तोडत होते, त्याचा जाड पत्रा मिळाला आणि तिथल्याच वेल्डरने एका दुपारी बसवून दिला. मी वर उभं राहून उड्या मारून बघितल्या, हलत नाही. तिला मात्र सांगितलेलं नाही. पत्रा व्हायचा आहे तोवर ती पत्र्यासाठी आली नाही, असं मला लोकांना सांगता येतं, स्वतःलाही सांगता येतं. झाला म्हटलं आणि तरी आली नाही, तर मग कशासाठी आली नाही म्हणायचं? म्हणून हौदा कामाला काढला, मडगार्ड काढले, काम वाढवत नेलं. मुशीचं तेल मात्र खरोखरच चुकून झालं.

आणखी ता. क. : एक काम कराल तर उपकार होतील. बकुळाला फोन करा (या वेळी स्पीकरवर ठेवलात तरी चालेल) आणि सांगा की गंगाराम ट्रक विकतोय. विकत नाही, पण तसं सांगा. मागे एक भंगारवाला दारात आला होता, तेव्हा तिने त्याला आधी नवरा घेऊन जा, मग गाडीचं बघू, असं म्हणून फाटकाबाहेर काढलं होतं. हे ऐकलं की भांडायला तरी येईल. आल्यावर पुढचं मी बघून घेईन. किंमत विचारली तर कमी सांगा. जितकी कमी सांगाल तितकी लवकर येईल.