झाकणाची घोषणा

गिप्सलँड, ऑस्ट्रेलिया

अयि सुनेत्रे,

एक गंभीर तक्रार आहे. पाककलेच्या वर्गात पातेल्यावर झाकण ठेवायचे, तरी मला आधी घोषणा करावी लागते. वणव्यातून वाचलेली मुले दचकू नयेत, म्हणून कॉलेजने आम्हा शिक्षकांना तसे शिकवले आहे. आवाज करण्याआधी सांगा, मागून येताना बोला. कालिदास शिकलेला माणूस शेवटी दवंडीवाला झाला!

"शेफ, झाकणाची वरात काढताय का?" माझी विद्यार्थिनी टालिया म्हणते. गॅस पेटला की ही पोर भिंतीला चिकटायची. मी रोज "पेटवतोय हं" म्हणत राहिलो. गेल्या आठवड्यात तिने माझ्या हातातून लायटर घेतला. "आता मी पेटवतेय हं, शेफ. घाबरू नका."

सवय अशी, की घरात शिरतानाही मी "येतोय हं" म्हणतो. तू पर्थला गेल्यापासून इथे दचकायला कोणी नाही.

आज उत्तरेचा गरम वारा सुटलाय, टालियाचे घर वणव्यात जळाले त्या दिवसासारखा. ती वर्गाला आली नाही. फोन उचलत नाही. हे पत्र मी पाठवणार नाही, पण कुणाला तरी सांगायचे होते: मला तिची फार काळजी वाटते आहे.

पूर्वी तुझा,
अनिरुद्ध