ऊन चढल्यावर

वडसा,
१४ जानेवारी २०२५

मयुरीबाईस बापाचा आशीर्वाद,

पत्रास कारण की फोन तू उचलत नाहीस. इकडे बरं आहे. तुझी आई गुडघ्यांना शिव्या देत मजेत आहे.

गावात नाटक होतं. पाहुणे एवढे आले की बसायला सतरंज्या पुरेनात. मग मी उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांवरचं, त्या कोवळ्या रोपांवर थंडीसाठी घातलेलं प्लास्टिक काढून मंडपात अंथरलं. आई ओरडली, "रोपं गारठतीन ना!" मी म्हटलं, "रोपाले का सर्दी होते?" सगळे हसले.

सकाळी पाहिलं, तर पऱ्हे हिरवेगार, ताठ. आईला मुद्दाम बोलावून दाखवले. आणि ऊन चढलं तशी, पोरी, माझ्या डोळ्यांसमोर पानं सुरळी होऊन आडवी पडली. बुडाला पाणी, कीड नाही, काही नाही! मी मूठभर रोपं उपटून घेऊन धावलो.

कृषी सहायक प्रफुलनं रोप चुरडून पाहिलं. "भाऊ, हे रातीच मेलं होतं. सकाळी नुसतं उभं होतं."

धान उष्ण मुलखाचं. त्याच्या पेशीभोवती तेलकट पापुद्रा असतो म्हणे. गारठ्यात तो खोबरेलासारखा थिजतो, भेगाळतो. ऊन लागलं की आतलं पाणी, क्षार सारं झिरपून जातं, आणि गारठलेलं मूळ वर पाणी चढवत नाही.

"थोडकी थंडी असती तर सावरलं असतं," म्हणाला.

"थोडकी म्हणजे किती?" मी विचारलं. तो धानाबद्दलच सांगत राहिला.

आता पुन्हा पेरायला वेळ नाही. शेतातल्या बांध्या पडीत राहतील.

नाटकात माझ्या मागं दोन बाया बोलत होत्या. माझे कान तुला ठाऊक आहेत. "मयुरीचा नवरा रोज सांजच्याले पऱ्ह्याले बोअरचं कोमट पाणी देते, सकाळी काढते. लावून उरतीन इतके झाले." दुसरी म्हणाली, "तिचा बाप कुठी पाहाले जाते!"

पुढचा प्रवेश मला दिसलाच नाही.

मी रिकाम्या हातानं सगळं उभं केलं, कोणापुढं हात पसरला नाही. आज पसरतो. उरलेले पऱ्हे कोणाला देऊ नको. गडी धाडणार नाही. जावई विनोदरावांसोबत चिखलात उतरून मीच उपटीन. तुझ्या लग्नाला आलो नाही, म्हणून तुमचं घर मला माहीत नाही. आरमोरीच्या स्टँडवर कोणाला तरी उभं करशील?

विनोदरावांना विचार. नाही म्हणाले, तर ते तूच सांग, दुसऱ्याच्या तोंडून नको.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा बाप
दादाजी