वरच्या फांदीवरची आमरी

अलिबाग,
ता. ९ सप्टेंबर १९३४

ती. सौ. मनुआक्कास,
रावजीचा शिरसाष्टांग नमस्कार. यंदा भातं चांगली पोसवली असतील. चि. कोकिळा हे पत्र तुला वाचून दाखवील, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. वर अलिबाग वाचून दचकू नकोस. कामानं यावं लागलं.

काम चांगलं झालं. मुरुडमागच्या डोंगरात पुढल्या साली कोळशासाठी तोड सुरू होणार आहे. त्याआधी तिथल्या झाडावेलींची नोंद करायची आणि दुर्मिळ रोपं मुंबईच्या बागेत नेऊन जगवायची, एवढ्यासाठी बागेच्या साहेबांनी मला पाठवलं. उंच झाडांच्या फांद्यांवर आमरी नावाचं फुलझाड वाढतं. ते उतरवायला सुपारीवर चढणारा माणूस हवा, म्हणून भावोजींना मी तुझ्याकडून मागून नेलं. तू म्हणालीस, "सुपारी येगली, रानातलं झाड येगलं." मी हसलो होतो.

कोकिळा, पुढचं आधी मनात वाच. मग आईला खाली बसव आणि सांग. बाळ, तुझे बाबा जिवंत आहेत.

आक्का, भावोजी बुधवारी झाडावरून पडले. कंबरेचं हाड मोडलं. दोन्ही पाय हलत नाहीत. बरोबरच्या धर्मा गड्यानं आणि मी डोली करून खाली आणलं, मग बैलगाडी, मग रेवदंड्याची होडी, आणि इथल्या इस्पितळात ठेवलं. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. चालतील का, ते सांगत नाहीत. मी विचारायचं सोडलं.

भावोजी सगळ्यांना सांगतात, "पाय माझाच सरकला." तुलाही तेच सांगतील.

त्यांनी आमरीचा एक गड्डा उतरवून दिला होता. बागेला तेवढा पुरला असता. पण त्याला फूल नव्हतं, आणि वरच्या फांदीवरचा भरगच्च फुलला होता. भावोजी म्हणाले, "रावजी, वर शेवाळ हाय. आज नको. ऊन पडलं की चढतो."

मी म्हणालो, "भावोजी, घाबरलात व्हय?"

एवढंच म्हणालो. ते वर गेले.

ते पडल्यावर मी सगळं टाकून त्यांच्याकडे धावलो, देवाशपथ. पण डोली बांधून झाल्यावर खाली पडलेली ती आमरी मी ओल्या गोणपाटात गुंडाळून घेतली, हेही खरं. ती बोटीनं बागेत पोचली. साहेबांची शाबासकीची तार आली, मुंबईला ये म्हणून. मी गेलो नाही. जाणारही नाही.

काल भावोजींना म्हटलं, आक्काला खरं ते लिहितो. तर म्हणाले, "कशाला? एकच भाऊ हाय तिला." आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा लिहायला बसलो.

गाडीवाला दयाराम तुला न्यायला येईल, त्याच्याबरोबर ये. मला काय बोलायचं ते बोल, मारलंस तरी चालेल. फक्त त्यांच्यादेखत नको. ते माझी बाजू घेतील, आणि तेवढं मला सोसणार नाही.

तुझा अपराधी,
रावजी