पाटीवरचं ‘ए’ वरच्या ओळीत घेण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
ग्रोविका नगरपालिका.

विषय : पाटीवरचा शब्द भलत्या जागी तोडल्याबद्दल आणि मावशीची गाडी धक्क्यावरून न हलवण्याबद्दल.
संदर्भ : आपलं २७ फेब्रुवारीचं पत्र (चार ओळींचं, सही वाचता येत नाही).

महोदय,

मी तिरिल नेस्वोल, वय १७, शाळा सोडलेली. शाळेसमोरच्या धक्क्यावर ओड्रुनमावशीच्या गाडीवर कॉड माशाची कलेजी शिजवून विकते.

१) पाटी आमची नाही. सगळ्या पाट्या एका मापाच्या हव्यात म्हणून तुमच्याच ऑफिसनं छापून दिली. ‘टोर्स्केलेवर’ एका ओळीत मावेना. तो ‘टोर्स्के-लेवर’ असा तोडायचा, म्हणजे कॉडची कलेजी. तुमच्या मशीननं तोडला ‘टोर्स्क-एलेवर’. ‘टोर्स्क’ कॉडलाही म्हणतात आणि ठोंब्यालाही, ‘एलेवर’ म्हणजे विद्यार्थी. म्हणजे शाळेच्या दारासमोर भलीमोठी पाटी : ठोंबे विद्यार्थी.

२) हेडमास्तर म्हणतात, मी हे मुद्दाम केलं, शाळेवरच्या रागानं. राग आहे, नाही म्हणत नाही. पण टोमणाच मारायचा असता तर सरळ त्यांचं नाव घातलं असतं.

३) मी त्यांना म्हटलं, “सर, पहिल्या तुकड्यावर जोर द्या, एका दमात म्हणा, कलेजीच होते.” त्यांनी सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं म्हटलं आणि जोर दिला नेमका ‘ले’वर, म्हणजे पुन्हा विद्यार्थीच. मागून एक पोरगा ओरडला, “हजर, सर!” अख्खा धक्का हसला. त्याच दुपारी तुमच्याकडे तक्रार, आणि लगेच तुमचं पत्र : सोमवारपासून गाडी बर्फाच्या कारखान्यामागे.

४) तिथे फक्त सीगल येतात. ते विकत घेत नाहीत. कॉडचा हंगाम ईस्टरला संपतो. मावशी काल म्हणाली, “जाऊ दे गं, यंदा गाडी बंदच ठेवू.” ती असं कधीच म्हणत नाही. पातेलंसुद्धा घासून उपडं घातलंय तिनं.

५) पाटीला हात लावला तर परवाना रद्द, हा तुमचा नियम नऊ. म्हणून लावला नाही. ऑफिसात चार खेपा झाल्या. खिडकीतल्या बाई म्हणतात, “चूक मशीनची आहे, मशीनच्या नावानं अर्ज कर.” मशीनचं नाव काय, ते सांगत नाहीत. म्हणून तुम्हाला लिहिलं.

खालचं ‘ए’ वर घ्यायचंय, एवढंच. रविवारच्या आत घेतलंत तर तक्रारच उरत नाही आणि गाडी आहे तिथे राहते. शिडी मी धरते.

आपली, जमेल तितकी नम्र,
तिरिल नेस्वोल
२ मार्च

सोबत :
पाटीचा फोटो.
मापात कापलेलं एक ‘ए’ आणि एक आडवी रेघ. मागे गोंद लावलाय, कागद काढा आणि चिकटवा.