केदारचे नारळ आणि सॅकमधली पँट

चाकूर,
बुधवार, दुपार

रुद्राणीअक्का,

तुला आणि दाजींना शिवकांताचा शरणार्थ. आम्ही सगळे मजेत आहोत (सगळे म्हणजे मी आणि आत्याबाई. घरात सासू-सून दोघीच उरलो तरी तोंडातून 'सगळे'च येतं). दाजींचा गुडघा आता काय म्हणतो? विष्णुपुरीच्या धरणातून पाणी सोडलं असं पेपरात वाचलं आणि तुमचं घर उंचावर आहे हे माहीत असून जीव खालीवर झाला. फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि माझं सांगायचं तसंच राहतं. म्हणून हे पत्र. आधी सगळं वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

तर तुझी भाची, आमची मंजुश्री, मला हिमालयात घेऊन चाललीय. देवाला नाही गं, नुसतंच. डोंगर चढायचा, तंबूत झोपायचं आणि उतरून यायचं. मी आधी तिला वेड्यात काढलं. मग रात्रभर झोप लागेना, आणि सकाळी माझ्या लक्षात आलं की मला जायचंय. लई जायचंय, अक्का. ह्यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. आपल्या बिछान्याशिवाय त्यांना कुठं झोप लागायची नाही. तुझ्या घरच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या की शेवटची एसटी गाठायची म्हणून मला पंगतीतून उठवलं होतं (तू अजून त्यावरून बोलतेस). सगळा जन्म मी 'चल लौकर, घरी जाऊ' ऐकून चिडले. आता तसं म्हणणारं कुणी नाही, आणि बाजाराला गेले तरी माझी मीच घाईनं घरी येते. हे असं किती दिवस करू?

आता मंजूची अट ऐक. जे काय न्यायचं ते एका सॅकमध्ये, आणि ती सॅक आपल्याच पाठीवर. मी कपाटातून माझ्या मते अगदी थोडकं काढलं: चार साड्या, परकर, दोन शाली, एक बरी साडी (तिथं कुणी भेटलं तर), एक चादर आणि उशीचा अभ्रा. मंजूनं व्हिडिओवर ते बघितलं आणि म्हणाली, आई, हे सगळं परत कपाटात ठेव. मग तिनं मला शिकवणी लावली. कपड्याची घडी घालायची नाही, सुरळी करायची. शर्ट पालथा पसरायचा, बाह्या आत घ्यायच्या, खालची कड उलटी दुमडायची आणि मानेकडून घट्ट गुंडाळत आणून त्या उलट्या कडेत कोंबायचं. माझी पहिली सुरळी बाळंतिणीच्या पोटासारखी झाली. दुसरी जमली, तर त्या भरात मी घरातले टॉवेल, पायपुसणी, आत्याबाईंचं लुगडं, जे दिसेल ते गुंडाळत सुटले. साडीची पण करून बघितली. माजघरातून सुरुवात केली तर पदर ओसरीत निघाला, आणि झालेली सुरळी खांद्यावर घ्यावी एवढी जाड. तेव्हा साडी बाद. मंजूनं पाठवलेल्या पँटी घ्यायच्या ठरल्या. दार लावून एक घालून बघितली. अक्का, उबदार आहे, चालायला सोपी आहे, पण सारखं वाटतं की आपण काहीतरी घालायचं विसरलोय.

लोकरीचे कपडे मात्र सुरळीला ऐकेनात. त्यासाठी मंजूनं एक पिशवी पाठवली होती. त्यात कपडे भरायचे, बसून हवा दाबून काढायची आणि तोंड बंद करायचं. मी बसले, पिशवी बधेना. शेवटी आत्याबाईंना विनंती केली. त्या विभूती लावून, पूजा आटोपून, एखाद्या पाटावर बसाव्या तशा त्या पिशवीवर बसल्या. तिकडून मंजू ओरडून राहिली, आजी अजून दाबा, आजी डावीकडं सरका. पिशवीनं असा काही आवाज केला की आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी त्यांच्याकडं, आणि मग आम्ही दोघी पोट धरून हसलो.

इथपर्यंत बरं चाललं होतं. घोटाळा माझ्या तोंडानं केला. सवय व्हावी म्हणून मी सॅकमध्ये ज्वारी भरून पहाटे रस्त्यानं फिरत होते, तर समोरच्या नागुबाईनं गाठलं. हे एवढं बोचकं घेऊन कुठं निघालाव, म्हणाली. आता तिला काय सांगू? नवरा जाऊन दोन वर्षं झाली आणि बाई तंबूत झोपायला निघाली, हे गल्लीत कसं सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, केदारला.

झालं! संध्याकाळपर्यंत एक-एक जण नारळ घेऊन हजर. आमच्या नावानं तेवढा केदाराला चढवा. कुणाचा नातवासाठी, कुणाचा बोअरला पाणी लागू दे म्हणून. शिवकुमार मास्तरांनी तर देवाला अख्खं धोतर दिलं. कपडे मी दाबून दाबून मूठभर केले, पण नारळ काही दबत नाही. सॅकभोवती ढीग लागला आणि प्रत्येकजण माझ्या पाया पडून गेला. लाजेनं मला जेवण जाईना. मी मंजूला सांगून टाकलं, रद्द कर, मी येत नाही.

ते आत्याबाईंनी ऐकलं. जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "केदारला जाणाऱ्या बाईला प्यांट कशाला लागती गं? मी काय आंधळी हाय का?"

मी म्हणलं, कळलं होतं तर बोलला का नाहीत?

"हसत होतीस. पोरगं गेल्यापासून पहिल्यांदा. मधी कशाला बोलू?"

मग उठून आत गेल्या आणि तांदूळ, खण आणि घरातला नारळ घेऊन आल्या. पदर पसर म्हणाल्या. ह्यांच्यामागं माझी ओटी कुणी भरली नाही, अक्का. हळदीकुंकवाला मी आपली सतरंजी घालून मागं सरकते. मी म्हणलं, आत्याबाई, माझी? तर मला रागानंच म्हणाल्या, पसर म्हणलं की. मी इतकी रडले की निम्मे तांदूळ सॅकमध्ये सांडले. खणाची बारीक सुरळी केली. ओटीचा नारळ मागं ठेवत नाहीत, म्हणून सॅकमधला एक शर्ट काढला आणि त्याच्या जागी नारळ बसवला. मी जाणार आहे.

तुझी,
शिवकांता

ता.क. गल्लीचे नारळ मी तुझ्याकडं एसटीनं पाठवत आहे. धोतर पण आहे. तुमच्या गोदाकाठच्या महादेवापुढं एकेकाचं नाव घेऊन फोड. देवाला काय सांगायचं ते मी आल्यावर बघते. नागुबाईला मात्र सांगू नको.

ता.क. नावं तुला कशी कळणार म्हणशील. ती आत्याबाईंना पाठ आहेत, आणि त्या नारळांसोबतच तुझ्याकडं येणार आहेत. सुनेच्या बहिणीकडं राहायला जाणारी सासू तू कुठं बघितलीस का? सकाळी त्यांनी आपली लुगडी माझ्यासारखीच गुंडाळली, एका पिशवीत घातली आणि स्वतःच त्यावर बसल्या. पोरगं गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. मी परत येईपर्यंत ठेवून घे. आणि घरी कधी जायचं, असं त्यांना विचारू नको.